वकील भेटल्याशिवाय सही करू नका

अमेरिकेत दिवाळखोरीच्या वकिलाला फोन केला की पहिल्यांदा जो आवाज कानावर पडतो तो बहुतेक वेळा वकिलाचा नसतो. ऑफिसातली कोणी सहायक नाव-पत्ता, पगार आणि कर्जाचा आकडा विचारते, फी सांगते, कागदांची यादी ईमेल करते. पुढचे कित्येक आठवडे तुमचा संबंध तिच्याशीच येतो. अनेकांना वकील दिसतो तो थेट ट्रस्टीसमोरच्या (म्हणजे केस तपासायला नेमलेल्या माणसासमोरच्या) मीटिंगच्या दिवशी, आणि तोही कधीकधी त्या दिवसापुरता पाठवलेला भलताच माणूस असतो. तोवर अर्जावर तुमची सही होऊन गेलेली असते. 'यातली माहिती खोटी निघाली तर मी शिक्षेला पात्र आहे' असं कबूल करून केलेली ती सही असते.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या, कर्जात अडकलेल्या मराठी वाचकांसाठी आहे. कोणाची नोकरी गेलेली असते, कोणाला हॉस्पिटलचं बिल झेपत नाही, कोणी मोटेलच्या कर्जाला स्वतः जामीन राहिलेला असतो आणि धंदा बसलेला असतो. कारण काहीही असो, दिवाळखोरी हा तिथल्या कायद्यानेच ठेवलेला मार्ग आहे. त्यासाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही, ग्रीन कार्डही लागत नाही. तिथे वास्तव्य, व्यवसाय किंवा मालमत्ता असली की अर्ज करता येतो. पण 'दिवाळं निघालं' या शब्दांची आपल्या लोकांना एवढी धास्ती, की माणूस मित्रांजवळही विषय काढत नाही. रात्री मोबाइलवर जाहिरात बघतो आणि सर्वांत स्वस्त ठिकाणी पैसे भरून मोकळा होतो. पुढे वकील भेटत नाही तेव्हाही गप्पच राहतो. मला या गप्प राहण्याची जास्त काळजी वाटते, कारण नुकसान तिथूनच सुरू होतं.

ऑफिसातल्या या सहायकाला तिथे पॅरालीगल म्हणतात. त्याच्याबद्दल आकस नको. आपल्याकडे वकिलाचा जुना, मुरलेला कारकून जसा सगळी फाइल तोंडपाठ ठेवतो, तसा चांगला पॅरालीगल असतो. कागद गोळा करणं, सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरणं, मुदतींची आठवण देणं, सावकारांना 'अर्ज दाखल झालाय, आता फोन करू नका' असं कळवणं ही कामं तो वकिलापेक्षाही नेटकी करील. मात्र दिवाळखोरी कायद्याच्या कोणत्या चॅप्टरखाली अर्ज करायचा, घर किंवा गाडी वाचेल का, भावाला दिलेले पैसे दाखवायचे का, या प्रश्नांची उत्तरं त्याने द्यायची नाहीत. उत्तर त्याला ठाऊक असलं तरीही द्यायची नाहीत. तो कायदेशीर सल्ला झाला, आणि परवाना नसताना सल्ला देणं हे बेकायदा वकिली करणं आहे. त्याच्या कामाची जबाबदारी वकिलावर असते. चॅप्टर ७ च्या अर्जावर सही करताना वकील एक हमी देत असतो, की मी वाजवी चौकशी केली आहे आणि यातली माहिती चुकीची असल्याचं मला ठाऊक नाही. तुमच्याशी एकदाही न बोलता ही चौकशी त्याने कशी केली, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

यापेक्षा अगदी वेगळा माणूस म्हणजे 'पिटिशन प्रिपेअरर'. हा कोणत्याच वकिलाच्या हाताखाली नसतो. पैसे घेऊन फॉर्म टाइप करून देणं एवढंच त्याचं काम, आणि दिवाळखोरी कायद्याच्या कलम ११० ने त्याला कडक बांधून ठेवलं आहे. त्याने सल्ला द्यायचा नाही. जाहिरातीत 'लीगल' हा शब्द वापरायचा नाही. कोर्टाचं शुल्क तुमच्याकडून स्वतःच्या हातात घ्यायचं नाही. 'मी वकील नाही' अशी लेखी सूचना आधी द्यायची, आणि तयार केलेल्या प्रत्येक कागदावर स्वतःची सही व ओळख नोंदवायची. 'मी तयार केलंय हे कोर्टात सांगू नका, स्वतःच भरलंय म्हणा' असं कोणी म्हणाला, तर तिथूनच परत फिरा. आणखी एक फरक फार थोड्यांना ठाऊक असतो. वकिलाच्या ऑफिसात पॅरालीगलला सल्ल्यासाठी सांगितलेली गोष्ट वकील-अशिलाच्या गोपनीयतेत मोडते. प्रिपेअररला सांगितलेल्या गोष्टीला ते संरक्षण नाही. उद्या त्याला बोलावून विचारलं तर त्याला सांगावं लागेल.

वकील एवढा दुर्मीळ का होतो, त्यामागे पैशाचं गणित आहे. चॅप्टर ७ मध्ये वकिलाची फी बहुधा ठोक आणि आगाऊ घेतली जाते. अर्जाआधीच्या कामाची फी थकली तर ती इतर कर्जांसारखीच माफ होऊन जाते. शिवाय सुप्रीम कोर्टाने २००४ साली लॅमी खटल्यात स्पष्ट केलं, की ट्रस्टीने रीतसर नेमलेला नसेल तर कर्जदाराच्या वकिलाला चॅप्टर ७ च्या मालमत्तेतून फी मिळणार नाही. रक्कम ठरलेली आणि आधीच हातात आलेली, म्हणून काही ऑफिसं ढिगाने केसेस घेतात आणि वकिलाचा वेळ जमेल तेवढा कमी करतात. याचं टोक व्हर्जिनियात दिसलं. शिकागोतून देशभर काम करणाऱ्या एका फर्मचे विक्री-कर्मचारी फोनवर ग्राहक पटवत होते आणि वकील नसताना सल्लाही देत होते. २०१८ साली व्हर्जिनियाच्या पश्चिम जिल्ह्याच्या बँकरप्सी कोर्टाने त्या फर्मला जबर दंड केला आणि त्या जिल्ह्यात अर्ज दाखल करायला पाच वर्षं बंदी घातली. सगळी ऑफिसं अशी नसतात. पण फोनवरचा माणूस वकील आहे की विक्रेता, हे पहिल्याच मिनिटाला विचारून घ्यावं.

वकिलाच्याच तोंडून ऐकायच्या गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे अर्ज करायचा की नाही, आणि केला तर ७ की १३. चॅप्टर ७ मध्ये सूट नसलेली (म्हणजे कायद्याने कर्जदारासाठी राखून न ठेवलेली) मालमत्ता ट्रस्टी विकू शकतो आणि उरलेली बरीचशी कर्जं काही महिन्यांत माफ होतात. चॅप्टर १३ मध्ये तीन ते पाच वर्षं हप्ते भरायचे असतात. २००५ च्या सुधारणेनंतर चॅप्टर ७ साठी 'मीन्स टेस्ट', म्हणजे उत्पन्नाची चाचणी, आली. मात्र ती मुख्यतः घरगुती कर्जांना लागू होते. तुमचं बहुतेक कर्ज मोटेलचं किंवा दुकानाचं, म्हणजे व्यवसायाचं असेल, तर ती टेस्ट तुम्हाला लागूच होत नाही. फॉर्म भरणाऱ्याने हा प्रश्न नीट विचारला नाही तर ज्याला चॅप्टर ७ मिळालं असतं तो विनाकारण पाच वर्षं हप्ते भरत बसतो.

दुसरी गोष्ट वेळेची. मीन्स टेस्टमध्ये अर्जाच्या महिन्याआधीच्या सहा पूर्ण महिन्यांचं उत्पन्न मोजतात. समजा जानेवारीअखेर नोकरी गेली. फेब्रुवारीत अर्ज केला तर ऑगस्ट ते जानेवारीचा भरघोस पगार हिशेबात येतो. ऑगस्टमध्ये केला तर फेब्रुवारी ते जुलै मोजले जातात. माणूस तोच, कर्ज तेच, पण निकाल उलटा. अर्थात पगाराला जप्ती लागली असेल किंवा घराचा लिलाव तोंडावर आला असेल तर एवढं थांबता येत नाही. दोन्ही बाजू तोलून सांगणं हे वकिलाचं काम आहे.

तिसरी गोष्ट सूट मिळणाऱ्या मालमत्तेची, आणि इथे आपले लोक हमखास अडकतात. एच-१बी वर असलेली कुटुंबं नोकरीमागे राज्यं बदलत असतात. कोणत्या राज्याची सूट लागू होईल हे आजच्या पत्त्यावर ठरत नाही. अर्जाआधीचे ७३० दिवस तुम्ही एकाच राज्यात असाल तर त्या राज्याचे नियम लागतात. नसाल, तर त्या ७३० दिवसांच्या आधीच्या १८० दिवसांत जिथे जास्त काळ होतात त्या राज्याचे. न्यू जर्सीत राज्याऐवजी केंद्रीय कायद्यातली सूट-यादी निवडण्याची मुभा आहे, कॅलिफोर्नियात ती नाही. सॉफ्टवेअरमध्ये नुसता सध्याचा पत्ता टाकून 'नेक्स्ट' दाबलं तर चुकीची यादी निवडली जाऊ शकते. गेल्या तीन वर्षांत कुठे कुठे राहिलात ते तारखांसह लिहून न्या.

चौथी गोष्ट भारतातल्या मालमत्तेची. हिच्यावर मी मुद्दाम जास्त लिहितो आहे, कारण अमेरिकन पॅरालीगलच्या प्रश्नावलीत ती आपल्या शब्दांत कधीच येत नाही. तो विचारतो, 'घर आहे का?' तुम्हाला एडिसनचं भाड्याचं अपार्टमेंट आठवतं आणि तुम्ही 'नाही' म्हणता. गावच्या सातबाऱ्यावरचं आपलं नाव डोक्यातच येत नाही. कायद्याचं म्हणणं असं, की कर्जदाराची मालमत्ता जगात कुठेही असो आणि कोणाच्याही ताब्यात असो, ती सांगितलीच पाहिजे. वडील गेल्यावर वारस म्हणून नोंद झालेली शेतजमीन, पुण्यातल्या फ्लॅटवर आईबरोबरचं नाव, पीपीएफ, एलआयसीची पॉलिसी, एनआरओ खातं, बँकेतल्या ठेवी, आईकडे ठेवलेलं सोनं, भिशीत अडकलेले पैसे हे सगळं यात येतं. वडिलांच्या खात्यावर सोयीसाठी नाव लावलेलं असेल आणि पैसा खरोखर त्यांचाच असेल, तर तेही सांगायचं आणि पैसा कोणाचा हेही सांगायचं. ते कसं मांडायचं हे वकील ठरवील.

बहिणींनी यात जास्त सावध राहायला हवं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. 'मी भावाला सगळं सोडून दिलंय' असं घरात बोलल्याने तो हक्क संपत नाही. आणि गेल्या दोन वर्षांत खरंच नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं असेल, तर ते मालमत्तेचं हस्तांतर म्हणून अर्जात दाखवावं लागतं. मोबदला न घेता केलेल्या अशा हस्तांतराला ट्रस्टी आव्हान देऊ शकतो. आईवडिलांना पाठवलेल्या पैशांचंही तसंच. दोन वर्षांत एका व्यक्तीला एकूण ६०० डॉलरपेक्षा जास्त भेट दिली असेल तर ती नोंदवायची असते. भावाकडून घेतलेले उसने पैसे अर्जाआधीच्या एका वर्षात फेडले असतील तर तेही. ट्रस्टी ती रक्कम भावाकडून परत मागू शकतो.

आणखी एक बाब मनाला टोचणारी आहे, पण सांगितली पाहिजे. अर्ज केल्यानंतर १८० दिवसांत तुम्हाला वारसाहक्काने काही मिळण्याचा हक्क निर्माण झाला, तर तेही प्रकरणात ओढलं जातं. घरी आईवडील फार थकलेले असतील तर हे वकिलापाशी आधी बोला.

यातलं काहीही लपवलं आणि पुढे उघडकीस आलं, तर कर्जमाफी नाकारली जाऊ शकते. जाणूनबुजून केलेला खोटेपणा हा केंद्रीय गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. व्हिसावर असलेल्यांसाठी दिवाळखोरीपेक्षा असा गुन्हा कितीतरी घातक. 'पॅरालीगल म्हणाला की भारतातलं लिहायची गरज नाही' हे सांगून सुटका होईल यावर विसंबू नका.

पैसे देण्याआधी

वकिलाचं पूर्ण नाव घ्या आणि राज्याच्या अधिकृत नोंदीत तपासा. कॅलिफोर्नियात स्टेट बारच्या संकेतस्थळावर, न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये न्यायव्यवस्थेच्या संकेतस्थळांवर, इलिनॉयमध्ये एआरडीसी या वकील-नोंदणी आयोगाकडे ही सोय फुकट आहे. नाव सापडलं नाही तर पुढे जाऊ नका. सापडलं तर परवाना चालू आहे का आणि शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हेही तिथेच दिसतं.

मग सरळ विचारा. माझी फाइल कोण बघणार? सहीआधी वकिलाशी किमान अर्धा तास बोलणं होईल का? ट्रस्टीसमोर हाच वकील येणार का? ईमेलचं उत्तर किती दिवसांत मिळेल? फीत काय नाही? कायद्याप्रमाणे पहिली सेवा दिल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत, आणि अर्ज दाखल होण्याआधी, लेखी करार व्हायला हवा. त्यात कामं आणि पैसे स्पष्ट हवेत, आणि त्याची प्रत तुम्हाला मिळायला हवी. करारावर फक्त फर्मचं नाव असेल तर जबाबदार वकिलाचं नाव घालून मागा. यावर कुरकुर करणाऱ्या ऑफिसात पैसे भरू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्जाआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेचं क्रेडिट समुपदेशन तुम्ही स्वतः घ्यायचं असतं. तुमच्या जागी पॅरालीगल कॉम्प्युटरवर बसून ते पूर्ण करू शकत नाही. तशी 'सोय' देऊ करणारं ऑफिस तुम्हाला खोट्या प्रमाणपत्रात गुंतवत असतं.

सहीच्या दिवशी पूर्ण अर्ज मागा. नुसतं सहीचं पान किंवा फोनवरची लिंक पुरेशी मानू नका. एक संध्याकाळ घेऊन घरी वाचा, चूक दिसेल तिथे खूण करा, आणि त्या चुका वकिलासमोर मांडा. ट्रस्टीचे सुरुवातीचे प्रश्न ठरलेले असतात. सही तुमचीच आहे का? सही करण्याआधी अर्ज स्वतः वाचला होता का? सगळी मालमत्ता दाखवली आहे का? ही उत्तरं तुम्ही शपथेवर देत असता.

अर्ज दाखल झाल्यावर

चॅप्टर ७ मध्ये ट्रस्टीसमोरची मीटिंग साधारण २१ ते ४० दिवसांत होते, चॅप्टर १३ मध्ये २१ ते ५० दिवसांत. आता ती बहुतेक झूमवर असते. फोटो ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा पुरावा जवळ ठेवा. सर्वांत अलीकडचं टॅक्स रिटर्न ट्रस्टीकडे सात दिवस आधी पोचायला हवं. इंग्रजीत बोलताना अडखळायला होत असेल तर दुभाषा मागता येतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत. मराठीसाठी मागणी जितकी आधी कळवाल तितकं चांगलं.

पॅरालीगलने 'सगळं पाठवलंय' म्हटलं तरी स्वतः खात्री करा. कोर्टाच्या पेसर या ऑनलाइन नोंदीत तुमच्या केसचा प्रत्येक कागद तारखेसह दिसतो. एका पानाला दहा सेंट पडतात, पण तिमाहीचं बिल ३० डॉलरच्या आत राहिलं तर काहीच द्यावं लागत नाही. अर्जाबरोबर परिशिष्टं दिली नसतील तर सहसा १४ दिवसांत द्यावी लागतात. ठरावीक कागद ४५ दिवसांत गेले नाहीत तर केस आपोआप रद्द होऊ शकते. अशा रद्द केसचा फटका नंतरही बसतो. वर्षाच्या आत पुन्हा अर्ज केला तर सावकारांना थोपवणारी मनाई ३० दिवसांपुरतीच मिळते. वर्षात दोन केस रद्द झाल्या असतील तर आपोआप मिळतच नाही. घराचा लिलाव थांबवण्यासाठी कोणी नुसता दोन-चार पानी अर्ज घाईने दाखल करून देतो म्हणाला, तर हे लक्षात ठेवा. लिलाव चार आठवडे पुढे जातो, केस रद्द होते, आणि ज्या वेळी खरी गरज असते त्या वेळी संरक्षण उरत नाही.

गाडीचं कर्ज पुढे चालू ठेवायचा करार आला तर वकिलाला गाठाच. हप्ते तुम्हाला झेपतील असं प्रमाणपत्र त्याने द्यायचं असतं. ते नसेल तर कोर्टात सुनावणी होते. त्यालाही मुदत आहे, आणि कंपनीचा कागद पॅरालीगलच्या टेबलावर पडून राहिला की ती निघून जाते.

वकील भेटतच नसेल तर

फोनवर निरोप ठेवणं थांबवा आणि लिहायला लागा. वकिलाच्या नावाने, त्याच्या स्वतःच्या पत्त्यावर ईमेल करा. केस नंबर, एकच नेमका प्रश्न, संबंधित मुदत आणि 'अमुक तारखेपर्यंत आपल्याशी प्रत्यक्ष किंवा फोनवर बोलायचं आहे' एवढंच लिहा. पॅरालीगलला रागावू नका, प्रत त्यालाही पाठवा. अशिलाला वेळेत माहिती देणं आणि त्याच्या वाजवी विचारणेला उत्तर देणं हे वकिलाचं व्यावसायिक कर्तव्य आहे. लेखी मागणी गेली की पुष्कळ वकील दोन दिवसांत फोन करतात.

नाहीच केला, तर मार्ग आहेत. वकिलाला किती पैसे मिळाले आणि त्यात कोणती कामं धरली, याचं निवेदन त्याने अर्जानंतर १४ दिवसांत कोर्टात द्यायचं असतं. ते पेसरवर उघडा, तुमच्या पावत्यांशी ताडून बघा. फी कामाच्या मानाने अवाजवी असेल तर न्यायाधीश ती परत करायला लावू शकतात. दिवाळखोरीच्या केसेसवर देखरेख ठेवणाऱ्या यूएस ट्रस्टीच्या कार्यालयाकडेही तक्रार करता येते. अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलिनात हे काम बँकरप्सी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर बघतो. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात अशिलाने मागितलं तर फीच्या वादात वकिलाला लवादासमोर यावंच लागतं. शिस्तभंगाची तक्रार राज्याच्या बारकडे किंवा त्यासाठी नेमलेल्या संस्थेकडे करायची. प्रिपेअररने फसवलं असेल तर प्रत्यक्ष नुकसान, शिवाय २००० डॉलर किंवा दिलेल्या पैशाची दुप्पट यांतली मोठी रक्कम आणि वकिलाचा खर्च कोर्ट त्याच्याकडून देववू शकतं.

पैसेच नाहीत म्हणून वाईट वकिलाला चिकटून राहू नका. लीगल एड संस्था, लॉ स्कूलची क्लिनिकं आणि बार असोसिएशनचे स्वयंसेवी वकील यांना विचारा. केंद्रीय निधीवर चालणाऱ्या लीगल एड संस्थांना व्हिसावरच्या अनेकांची केस घेता येत नाही, तेव्हा आपली स्थिती पहिल्या फोनलाच सांगा. चॅप्टर ७ चं ३३८ डॉलर कोर्ट शुल्क हप्त्यांत भरता येतं, आणि उत्पन्न फारच कमी असेल तर माफही होऊ शकतं.

वकील बदलता येतो. जुन्याला मोकळं करायला कोर्टाची परवानगी किंवा बदलीचा कागद लागतो, आणि तो होईपर्यंत जुनाच वकील जबाबदार असतो. मुदती मात्र थांबत नाहीत, म्हणून नवा वकील ठरल्यावरच जुना सोडा. जुन्याकडून तुमची फाइल लेखी मागा, ती मागण्याचा हक्क तुमचा आहे. नव्याकडे जाताना दाखल झालेला पूर्ण अर्ज, करार, पावत्या, केलेल्या ईमेलच्या प्रती, पेसरवरची नोंदींची यादी, सातबारा व भारतातल्या खात्यांचे उतारे आणि पुढच्या सगळ्या तारखा एका कागदावर लिहून न्या.